चेहऱ्याचे स्नायू, त्वचेचे तंतू आणि शस्त्रावाचून होणारे पुनर्यौवनोपचार

मनुष्यदेहातील बहुतेक ऐच्छिक स्नायूंची दोन्ही टोके अस्थींना जोडलेली असतात. स्नायू आखडला म्हणजे अस्थी हलते. चेहऱ्याचे स्नायू या नियमास अपवाद होत. त्यांचे एक टोक कवटीच्या अस्थीवर असले, तरी दुसरे त्वचेत शिरलेले असते; डोळ्यांभोवतीचे व ओठांभोवतीचे वर्तुळाकार स्नायू तर बहुतांशी मऊ भागांतच गुंफलेले असतात. म्हणून गालाचा स्नायू आखडला की ओढली जाते ती त्वचा. हर्ष, क्रोध, तिटकारा हे सारे भाव त्वचेच्या घड्यांच्या रूपाने उमटतात ते याच कारणाने. स्नायू आणि त्वचा यांची इतकी निकट सांगड देहात अन्यत्र क्वचितच आढळते, आणि चेहऱ्याच्या उपचारांविषयी जे अनेक घोटाळे प्रचलित आहेत त्यांचे मूळही याच सांगडीत आहे. एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरी बांधले जातात.

गेल्या पंचवीस वर्षांत शस्त्र न लावता व सुई न टोचता चेहऱ्याला तजेला आणण्याची अनेक साधने प्रचारात आली आहेत. कोणी सूक्ष्म विद्युत्प्रवाह देतो, कोणी स्नायूंना विजेचे स्पंद देऊन आखडावयास लावतो, कोणी रेडिओ-कंप्रतेच्या लहरींनी त्वचा आतून तापवितो, तर कोणी श्राव्यातीत ध्वनी एका बिंदूवर एकवटतो. या सर्वांच्या जाहिरातींत स्नायू बळकट होतात, त्वचा घट्ट होते व चेहरा वर उचलला जातो, अशी तीन विधाने एकाच दमात केलेली असतात. वस्तुतः ही तीन विधाने निरनिराळी आहेत. त्यांचा शारीरिक आधार निराळा आहे आणि पुराव्याचे बळही सारखे नाही. प्रस्तुत लेखात त्यांची फोड करावयाची आहे.

प्रथम, वयोमानाने चेहऱ्यात काय घडते ते पाहू. ‘चेहरा उतरला’ असे आपण म्हणतो ते क्षणिक खिन्नतेस उद्देशून. वयाने चेहरा उतरतो तो मात्र अक्षरशः. अंतस्त्वचेच्या शुष्क भारापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. १९७५ मध्ये शुस्टर व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, प्रौढ वयात त्वचेतील कोलॅजेन दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटते, आणि सर्व वयांत स्त्रियांच्या त्वचेत ते पुरुषांपेक्षा कमी असते. ऋतुनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट अधिक वेगाने होते. कोलॅजेनची झीज व भरपाई अतिशय मंद गतीने चालते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच संशोधनानुसार त्वचेतील कोलॅजेनचा अर्धायुःकाल सुमारे पंधरा वर्षांचा आहे. एखादा उपचार आठ दिवसांत ‘नवे कोलॅजेन’ देतो असे कोणी सांगू लागल्यास हा आकडा स्मरणात ठेवावा.

सूर्यप्रकाशाचा परिणाम याहून निराळा व अधिक विध्वंसक असतो. मिशिगन विद्यापीठातील फिशर, व्हूरहीस प्रभृतींनी १९९६ व १९९७ मध्ये दाखविले की, त्वचा लाल होण्यास जितके जंबुपार किरण लागतात त्याहून अल्प मात्रेनेही कोलॅजेनचे तुकडे करणारी विकरे पेशींत निर्माण होऊ लागतात. तुटलेल्या तंतूंच्या जाळ्यात तंतुजनक पेशींना ओढून धरावयास आधार उरत नाही. त्या गोल व आळशी बनतात आणि नवे तंतू कमी विणतात. म्हणजे झीज स्वतःच पुढील झिजेस कारण होते.

परंतु चेहरा केवळ त्वचेमुळे उतरत नाही. त्वचेखालील मेद एकसंध थर नसून निरनिराळ्या कप्प्यांत विभागलेला असतो, हे रॉरिक व पेसा यांनी २००७ मध्ये स्पष्ट केले. काही कप्पे वयोमानाने रिते होतात, काही खाली सरकल्यासारखे दिसतात. जबड्याची व नेत्रकोटराची अस्थीही झिजते. त्वचेस अस्थीशी बांधणारे बंध सैल पडतात. मेद व स्नायू यांच्यामध्ये जे तंतुमय पटल असते त्याचे वर्णन मिट्झ व पेरोनी यांनी १९७६ मध्ये केले. चेहरा वर ओढून घेण्याच्या शस्त्रक्रियेत शल्यवैद्य हेच पटल पकडून ताणतात, कारण नुसती त्वचा ताणल्यास ती थोड्याच काळात पुन्हा सैल पडते. या साऱ्या पसाऱ्यात स्नायूंचा वाटा कितीसा? हा प्रश्न उपचारांच्या विक्रेत्यांनी क्वचितच विचारला आहे.

चेहऱ्याच्या स्नायूंवर विजेचा पद्धतशीर प्रयोग करणारा पहिला मोठा संशोधक म्हणजे फ्रान्समधील वैद्य ड्युशेन. त्याचा ग्रंथ १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची संवेदना मंदावलेल्या एका वृद्धाच्या त्वचेवर विद्युदग्रे टेकवून तो एकेक स्नायू वेगळा आखडवीत असे व त्या मुद्रेचे छायाचित्र घेई. त्यांतील काही चित्रांचा उपयोग डार्विनने १८७२ च्या आपल्या भावाविष्कारविषयक ग्रंथात केला. खरे हसू व बेगडी हसू यांतील भेद डोळ्यांभोवतीच्या स्नायूच्या आकुंचनावर अवलंबून असतो, हा ड्युशेनचा सिद्धांत आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच्या कार्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ती ही की, वीज बाहेरून दिली असता स्नायू आखडतो, पण त्यासाठी प्रवाह पुरेसा असावा लागतो आणि तो तुटक स्पंदांच्या रूपाने यावा लागतो.

याचे कारण मज्जातंतूच्या पटलात आहे. बाहेरून दिलेला स्पंद प्रत्यक्ष स्नायुतंतूपेक्षा त्यास जाणारा मज्जातंतू अधिक सहज उत्तेजित करतो. त्यासाठी सेकंदाच्या काही दशसहस्रांशाइतका टिकणारा, काही मिलिअँपिअरचा स्पंद लागतो. असे स्पंद सेकंदास दोन-चार आले तर स्नायू फडफडतो. वीस ते पन्नास आले तर सलग ताणलेला राहतो. उलट प्रवाहाची दिशा सेकंदात लक्षावधी वेळा पालटली तर मज्जातंतूच्या पटलास प्रतिसाद देण्यास अवसरच मिळत नाही. स्नायू स्तब्ध राहतो आणि विजेची सारी शक्ती उष्णतेत परिणत होते. हे दार्सोंव्हाल याने १८९१ च्या सुमारास दाखविले. तेव्हा वीज एकच. कंप्रता व मात्रा पालटली की तिचे कार्य समूळ पालटते. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्यास पुढील सर्व विवेचन सुगम होईल.

आता स्नायूंचे आकुंचन घडविणाऱ्या यंत्रांकडे वळू. वारंवार ताण पडलेला स्नायू जाड होतो, हे व्यायामशाळेत जाणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. चेहऱ्याचे स्नायूही ऐच्छिक स्नायूंच्याच जातीचे असल्याने त्यांनाही हा नियम लागू पडावा. तसा तो पडतो, याचा एक बरा पुरावा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅव्हॅनॉ व सहकारी यांच्या प्रयोगात १०८ स्त्रियांचे यदृच्छेने दोन गट पाडण्यात आले. एका गटाने दररोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे चेहऱ्यावर विद्युत्स्पंद घेतले. दुसऱ्या गटास उपचार नव्हता. ओठाचा कोपरा वर व बाहेर ओढणारा झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने मोजला असता पहिल्या गटात त्याची जाडी सरासरी १८.६ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

हा आकडा डोळ्यांत भरणारा खरा. परंतु हा स्नायू मुळातच काही मिलिमीटर जाडीची पट्टी; तिचा पाचवा हिस्सा म्हणजे मिलिमीटरचा एक अंश. गाल किंचित भरल्यासारखा दिसण्यास तेवढे पुरेसे असेल; लोंबणारा जबडा वर उचलण्यास पुरेसे आहे, असे त्यावरून अनुमान करता येत नाही. शिवाय उपचार न मिळालेल्या गटास खोटा उपचारही मिळाला नव्हता. म्हणून त्या स्त्रियांच्या स्वतःच्या अभिप्रायात अपेक्षेचा अंश किती होता ते वेगळे काढता येत नाही. जाडीचे मापन हाच या प्रयोगाचा भक्कम भाग होय.

विजेवाचून केवळ मुद्राव्यायामाचा प्रयोगही झालेला आहे. शिकागो येथील आलम प्रभृतींनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. चाळीस ते पासष्ट वयाच्या २७ स्त्रियांनी आरंभ केला. वीस आठवडे नेटाने व्यायाम करून शेवटपर्यंत टिकल्या त्या सोळा. छायाचित्रे पाहून त्वचावैद्यांनी अंदाजिलेले सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आले आणि गालांचा वरचा व खालचा भाग भरलेला दिसला. चेहऱ्याच्या इतर लक्षणांत परीक्षकांना ठळक फरक दिसला नाही; स्त्रियांनी स्वतः मात्र जवळजवळ सर्वच भागांविषयी समाधान व्यक्त केले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दोन्ही प्रयोगांची दिशा एक आहे: भर पडते ती गालांत, आणि ती स्नायूच्या आकारमानाने पडते.

येथे ‘टोन’ या शब्दाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण तो फार सैलपणे वापरला जातो. शरीरक्रियाशास्त्रात त्याचा अर्थ विश्रांत अवस्थेतही स्नायूस ताणू जाता जाणवणारा प्रतिकार असा आहे. पूर्ण विश्रांत स्नायूत बहुधा विद्युत्क्रिया आढळत नाही. तो प्रतिकार बव्हंशी तंतूंच्या स्थितिस्थापकतेतून येतो. स्नायू आणि त्यातील संयोजी ऊतक भरीव झाले तर हा प्रतिकार वाढणे संभवते. पण ‘टोन वाढला’ म्हणजे स्नायू दिवसभर किंचित आखडलेला राहतो व त्वचेस धरून ठेवतो, अशी जी कल्पना लोकांत रूढ आहे तिला आधार नाही.

यापेक्षाही चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी की, याच चेहऱ्यावर याच्या अगदी उलट तत्त्वाचा उपचार सर्वत्र यशस्वी ठरला आहे. भुवयांमधील आठ्यांसाठी बॉट्युलिनम विषाच्या वापरास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली. हे विष स्नायूस आखडू देत नाही; आठी मावळते. स्नायू दुर्बल केल्याने चेहरा तरुण दिसतो असे एकजण म्हणतो, स्नायू बळकट केल्याने दिसतो असे दुसरा. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे कसे? निसर्गाने याचे उत्तर बेलच्या पक्षाघातात देऊन ठेवले आहे. चेहऱ्याच्या एका बाजूचा सातवा मस्तिष्क-मज्जातंतू निकामी झाला म्हणजे त्या बाजूच्या कपाळावरील आठ्या पुसल्या जातात, ओठाशेजारची घडी सपाट होते. पण त्याच बाजूची भुवई खाली येते, गाल ढिला पडतो व ओठाचा कोपरा लोंबतो. सुरकुती गेली आणि चेहरा उतरला, दोन्ही एकाच कारणाने. यावरून ध्यानात येईल की, वर ओढणारे स्नायू व घड्या पाडणारे स्नायू यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. कपाळाचा स्नायू तर दोन्ही कामे करतो. विद्युत्स्पंद देणारी चांगली यंत्रे म्हणूनच गालाचे स्नायू निवडतात. सरसकट सर्व चेहऱ्यास स्पंद देणे हे शरीररचनेस धरून नाही.

सूक्ष्म प्रवाहाचा उपचार यातून निराळा काढला पाहिजे. त्यात प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आत असतो व सामान्यतः स्नायूचे दृश्य आकुंचन होत नाही. आकुंचनच नाही, तर व्यायामाने स्नायू जसा वाढतो तसा वाढण्याचे कारणही नाही. त्याच्या समर्थनार्थ चेंग व सहकारी यांच्या १९८२ च्या निबंधाचा हवाला वारंवार दिला जातो. त्यात सूक्ष्म प्रवाहाने एटीपी या शक्तिवाहक द्रव्याची निर्मिती तिप्पट ते पाचपट झाली होती, आणि प्रवाह एक मिलिअँपिअरवर गेल्यास उलट परिणाम दिसला होता. निबंध उत्तम आहे. पण तो प्रयोग उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या, देहाबाहेर ठेवलेल्या त्वचेच्या तुकड्यांवर केला होता. माणसाच्या चेहऱ्याचा स्नायू त्यात कोठेच नव्हता. त्या निबंधावर ‘स्नायूंचे पुनःशिक्षण’ उभारणे म्हणजे गवताच्या काडीवर माडी बांधणे होय. उपचारानंतर लगेच जो टवटवीतपणा दिसतो त्याचे श्रेय मर्दन, रक्ताभिसरण व किंचित सूज यांसही द्यावे लागेल.

आता त्वचेच्या घट्टपणाकडे वळू. येथे भूमी अधिक पक्की आहे, आणि तिचा एक भाग आपल्याच देशात घातला गेला. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनची त्रिसर्पिल रचना सुचविली. कांगारूच्या शेपटीतील कंडरा तपासून त्यांनी क्ष-किरणांचे पुरावे जमविले होते. तीन साखळ्या दोरखंडाप्रमाणे पिळलेल्या असतात. प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असल्याखेरीज त्या इतक्या जवळ बसू शकत नाहीत. पीळ टिकतो तो हायड्रोजन-बंधांमुळे. शेजारशेजारच्या दोरखंडांना एकत्र बांधणारे दुवे मात्र याहून बळकट असतात.

कच्चे कातडे कढत पाण्यात टाकले की आखडते, हे कातडी कमावणाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तपमान साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले म्हणजे हायड्रोजन-बंध तुटतात, पीळ उलगडतो व तंतू आखूड आणि जाड होतो. बळकट दुवे शाबूत असल्याने तो ताण मात्र धरून ठेवतो. त्याहून अधिक तापविले तर दुवेही तुटतात आणि हाती राहतो तो सरस. या व्यापारात काळाचाही हिशेब आहे. तपमान पाच अंशांनी उतरले तर तोच परिणाम साधण्यास सुमारे दसपट वेळ लागतो, असा ठोकळ नियम आहे. त्वचा घट्ट करण्याची कला म्हणजे आखडण्याची व सरस होण्याची सीमा यांमधील अरुंद पट्ट्यात राहण्याची कला होय. तीही वरची त्वचा न भाजता.

रेडिओ-कंप्रतेच्या यंत्रात हे कसे साधतात? सेकंदास काही दशलक्ष वेळा दिशा पालटणारा प्रवाह त्वचेतून जातो. ऊतकाच्या रोधामुळे आत उष्णता उत्पन्न होते, आणि त्याच वेळी पृष्ठभाग थंड ठेवला जातो. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी असे पहिले यंत्र अमेरिकेत २००२ मध्येच संमत झाले. झेलिक्सन व सहकारी यांनी २००४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले असता तापविलेल्या त्वचेत काही तंतू फुगलेले व त्यांच्या कडा पुसट झालेल्या दिसल्या, आणि पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा निर्मिति-संदेश वाढलेला आढळला. म्हणजे परिणाम दोन टप्प्यांचा आहे. प्रथम तत्काळ आखडणे, आणि त्यानंतर सौम्य इजेस प्रतिसाद म्हणून कित्येक आठवडे ते महिने चालणारी नवी विणकाम-क्रिया. जखम भरून येण्याची जी स्वाभाविक प्रक्रिया आहे तिलाच येथे कामास लावलेले असते. म्हणून खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांनी पाहावयाचा असतो. उपचाराच्या संध्याकाळी काढलेले छायाचित्र बहुतांशी सूजच दाखविते.

श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्रात भिंगाने सूर्यकिरण एकवटावेत तसा ध्वनी एकवटला जातो. वरची त्वचा अबाधित राहते आणि दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर घन मिलिमीटरहूनही लहान असे तप्त बिंदू उमटतात. त्यांत तपमान साठ ते सत्तर अंश असते. साडेचार मिलिमीटरवर वर सांगितलेले तंतुमय पटल लागते. शल्यवैद्याचा चाकू जेथे पोहोचतो तेथे चाकूवाचून पोहोचणे, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य. भुवई वर उचलण्यासाठी तिला अमेरिकेत २००९ मध्ये संमती मिळाली. हा परिणाम मोजता येतो, पण तो माफक असतो. शस्त्रक्रियेने पटल ताणून शिवले असता जे साधते त्याशी त्याची बरोबरी नाही. फार सैल त्वचा असलेल्यास यापासून समाधान मिळण्याचा संभव थोडा.

लाल व अवरक्त प्रकाशाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, त्याचा उगम बुडापेस्ट येथील मेस्टर यांच्या १९६७ च्या निरीक्षणात आहे. मुंडण केलेल्या उंदरांवर मंद लेसर सोडला असता केस लवकर वाढले. पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर तो प्रकाश शोषते असे मानतात. त्वचेच्या पोतावर त्याचा सौम्य परिणाम होतो; स्नायूंशी त्याचा संबंध जोडणे व्यर्थ आहे.

आपल्याकडील वाचकांस एक गोष्ट विशेष उपयोगाची. भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असते. प्रकाशावर चालणारी कित्येक लेसर-यंत्रे मेलॅनिनच तापवितात, आणि त्यामुळे काळे डाग पडण्याची भीती आपल्याकडे गौरवर्णीयांहून अधिक असते. रेडिओ-कंप्रता व श्राव्यातीत ध्वनी यांना त्वचेच्या रंगाशी कर्तव्य नसते. या दृष्टीने ते सावळ्या त्वचेस अधिक सुरक्षित होत. सर्वथा निर्धोक मात्र नव्हेत. अतिरिक्त उष्णतेने त्वचेवर भाजल्याचे व्रण उठतात, मेद झडून खळगे पडतात, आणि जबड्याच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूस धक्का लागल्यास खालचा ओठ काही काळ वाकडा होतो. हृदयगतिनियामक यंत्र बसविलेल्या व्यक्तीस विद्युत्-उपचार देणे हे सरळसरळ धोक्याचे आहे.

‘संमत’ या शब्दानेही पुष्कळांची दिशाभूल होते. अमेरिकेत अशा बहुतेक यंत्रांना जी संमती मिळते ती पूर्वीच्या एखाद्या यंत्राशी ते पुरेसे सदृश आहे एवढ्याच आधारावर मिळते. नव्या औषधाकडून जितका पुरावा मागितला जातो तितका येथे मागितला जात नाही.

२०२२ पासून स्नायूंचे आकुंचन व त्वचेचे तापन ही दोन्ही कार्ये एकाच वेळी करणारी यंत्रे निघाली आहेत. ती एकत्र चालविल्यानंतर गाल वर आलेला दिसला, तर त्याचे श्रेय स्नायूस द्यावे की तंतूस, हे छायाचित्रावरून ठरविता येणार नाही. त्यासाठी केवळ स्पंद, केवळ उष्णता, दोन्ही, आणि दोहोंचा नुसता देखावा, असे चार गट पाडावे लागतील. स्नायूची जाडी श्राव्यातीत ध्वनीने व त्वचेची लवचीकता शोषण-मापकाने निरनिराळी मोजावी लागेल. छायाचित्रे एकाच प्रकाशात, चेहरा पूर्ण विश्रांत असताना घ्यावी लागतील, आणि ती पाहणाऱ्यास कोणते आधीचे व कोणते नंतरचे हे ठाऊक असता कामा नये. अखेरचे मापन उपचार थांबविल्यावर निदान सहा महिन्यांनी व्हावे, कारण व्यायाम सुटलेला स्नायू पूर्ववत होण्यास तितका अवधी पुरेसा होतो आणि नव्याने विणला गेलेला तंतू तोपर्यंत टिकून असतो.